तीनशे बारा नंबरची हजेरी

दौलत जमादारानं तीनशे बारा नंबरच्या शिपायाला फसवलं, त्याच्या बायकोला फसवलं, आणि तोच नंबर माझ्या नवऱ्याच्या पट्ट्यावर चढवून आम्हालाही फसवलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई घाबरट दिसते. मी घाबरट नाही. आमचं घर छप्पन साली धम्मात आलं तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही गेली. अंगात येणं, लिंबू उतरवणं, मांत्रिक - यातल्या कशालाही आमच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. आजही नाही. म्हणूनच ही गोष्ट अजून सलते...

मी बांगड्या विकते. डोक्यावरच्या एका टोपलीपासून सुरुवात केली. पवनी, आसगाव, लाखांदूर, असे बाजार करत स्वतःचं दुकान उभं केलं. भावात मला कोणी हरवलेलं नाही. माझे मालक तेव्हा भंडाऱ्याला बिडी कारखान्यात मुन्शी होते. बायकांनी वळून आणलेल्या चांगल्या बिड्याही खराब ठरवून छाटायच्या, असं ते काम. त्यांना ते जमेना. घरी येऊन ताटावर नुसते बसून राहायचे. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी पोलीस भरती निघाली. वय जेमतेम बसत होतं. मीच म्हटलं, भरा अर्ज.

पहाटे उठवून त्यांना कारध्याच्या पुलापर्यंत पळवायची.

"छाती फुगवा म्हटलं तर पोट काहून फुगवता?" मी म्हणायची.

"तूच हो ना शिपाई," ते धापा टाकत म्हणायचे. "तुले पाहूनच चोर कबूल होते."

निवड झाली. ट्रेनिंग संपेपर्यंत घर बांगड्यांवर चाललं. मग पोस्टिंग मिळालं ते लाखांदूरच्या बाजूच्या एका ठाण्यात. नाव लिहीत नाही. ठाण्यात शिपायाला नावानं कोणी हाक मारत नाही. पट्ट्याच्या पितळी बक्कलवर जो नंबर, तेच त्याचं नाव. मालकांचं बक्कल जिल्ह्यावरून आलंच नव्हतं. बक्कल नाही तोवर बाहेरची ड्युटी नाही, ठाण्यात बसून फायली झटकायच्या. महिना गेला. माझं डोकं फिरलं आणि मी जमादारासमोर जाऊन उभी राहिले.

"जुनं पडलं असन एखादं, ते द्या."

"हाय एक, वहिनी. पण..."

"पण काय?"

"काळं पडलं हाय."

"चिंचेनं घासून घेईन मी. पहिला शिपाई कुठं गेला?"

"बदली झाली. चांद्याकडे."

दोन दिवसांत कागद झाला. तीनशे बारा. मी घासूनपुसून ते बक्कल असं चमकवलं की मालकांना त्यात तोंड दिसत होतं. सौदा जिंकला, असं मला वाटलं.

ठाण्यासमोर रोज संध्याकाळी पाचला हजेरी व्हायची. ठाण्याचा मुन्शी नंबर पुकारायचा, शिपाई 'हजर साहेब' म्हणायचा. आठवडाभरानं मालक चहा पिताना म्हणाले, "मी बोलायच्या आधीच कोणीतरी 'हजर' म्हणून राहिला."

"तुमचे कान वाजून राहिले."

"असन."

पण त्यांनी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडायच्या निमित्तानं सूप घेऊन क्वार्टरच्या ओट्यावर बसले. तिथून ओळ सरळ दिसायची. चांगलं लख्ख ऊन होतं. मुन्शीनं पुकारलं, "तीनशे बारा."

आधी कोणीतरी घसा खाकरला. मग "हजर साहेब." वयस्क, थकलेला, थंडीनं बसल्यासारखा आवाज. आला तो मालकांच्या जागेवरून. त्यांचे ओठ मिटलेले होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ते बोलले, म्हणजे दोनदा हजेरी झाली. मुन्शीनं मान वर केली नाही. एकच टिक केली. बाकीचे शिपाई जमिनीकडे पाहत होते. सगळ्यांना ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त आम्हाला.

मी तशीच जमादाराच्या घरात शिरले. तो नव्हता. त्याची बायको चुलीपुढे होती. मी ओरडले तशी ती रडायलाच लागली.

"बदली नाही झाली बाई त्याची," ती म्हणाली. "पुराच्या दिवसात आमच्या जमादारायनंच त्याले समन देऊन नदीपार धाडलं. डोंगा उलटला. प्रेत काही भेटलं नाही. पुरात माणूस काहून धाडला म्हणून वरून विचारतीन, या भेवानं यायनं डायरीत लिहिलं - न सांगता गैरहजर."

गैरहजर. पुढे त्याला नोकरीतूनही काढून टाकलं. म्हणजे पळून गेलेला शिपाई.

मालकांनी हे ऐकलं आणि कागद-पेन काढलं. "साहेबांना लिहितो मी." मी हातातून पेन घेतलं. नोकरी अजून पक्की नव्हती. नवा शिपाई जमादाराविरुद्ध लिहितो, तेही असल्या पुराव्यावर... मी म्हटलं, "पुन्हा बिड्या छाटाच्या हायेत का तुमाले?" त्यांनी कागदाची घडी घातली. हे मी केलं, ते लपवत नाही.

त्यानंतरच्या बाजारात एक बाई माझ्या दुकानावर आली. शेजारची मिरचीवाली कुजबुजली, "पळालेल्या शिपायाची बायको." तिनं हात पुढे केला. "हिरव्या भरा बाई."

"मालक कुठं असतात?" मला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"पोलिसात हायेत. गेले कुठं तरी. लोक कायबी बोलतात. कागदावर गैरहजर हायेत, मेले थोडीच?"

मी तिचा हात दाबून दाबून बांगड्या भरल्या. एकही फुटू दिली नाही. ती भाव करत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणेल तो भाव मान्य केला.

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी बक्कल हातात घेतलं. म्हटलं, नंबर बदलून घ्या, मी भांडते. ते म्हणाले, "नोको. या नंबरापायी निदान पुकारला तरी जाते बिचारा."

त्या दिवसापासून त्यांनी हजेरीला तोंड उघडलं नाही. मुन्शी पुकारायचा, घसा खाकरला जायचा, 'हजर साहेब' व्हायचं, टिक पडायची. पाच वर्षं माझ्या नवऱ्याची हजेरी दुसऱ्यानं दिली. एक दिवस चुकला नाही. भर उन्हातही मालक घरी आले की त्यांच्या शर्टाची डावी बाही ओली असायची. मी पिळायची, दोरीवर टाकायची, विचारायची नाही.

मग तुमसरकडे बदली झाली. नंबर तोच. पहिल्या हजेरीला मुन्शीनं तीनशे बारा पुकारलं आणि मालक सवयीनं थांबले. कोणी बोललं नाही. पुन्हा पुकारलं, तरी ते थांबलेलेच. पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे गैरहजर लागली. ती त्यांनी कधी दुरुस्त करून घेतली नाही.

जुन्या ठाण्यातला एक शिपाई पुढे बाजारात भेटला. म्हणाला, "वहिनी, आता आमच्या यादीत तो नंबरच नाही. पण हजेरी संपली का मागून कोणीतरी घसा खाकरते... अन् थांबते."

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कोणी म्हणेल मनाचे खेळ. पण ठाण्यातल्या सतरा माणसांच्या मनानं एकच खेळ रोज पाचला खेळावा?

दौलत जमादार, तुम्ही पेन्शन घेऊन ओसरीवर बसलेले आहात, मला ठाऊक आहे. भुताचं उत्तर मी तुमच्याकडे मागत नाही. पुराच्या त्या दिवशी त्याला डोंग्यात कोणी बसवलं, एवढं एका ओळीत लिहा, खाली सही करा, आणि तो कागद त्याच्या बायकोच्या हातात नेऊन द्या. टपालानं नाही. स्वतः जाऊन.