महाबळेश्वरच्या खोक्यातली आमची स्ट्रॉबेरी

माझा हात सुटतो, हे आधीच सांगून टाकते. लग्नाआधी थोरल्या भावाचा दात पाडला होता. लग्नानंतर आमच्या टपरीपुढे गाडी आडवी लावणाऱ्या एका जीपवाल्याचा आरसा दगडानं फोडला. घरात भांडण मिटवायला मला कुणी बोलवत नाही. या सगळ्या गोष्टी मी हसत सांगू शकते. धाकट्या जावेला मारलं, ते मात्र हसत सांगता येत नाही.

वणीहून सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची स्ट्रॉबेरीची टपरी आहे. टपरी म्हणजे चार बांबू, वर हिरवी जाळी आणि पुढे एक उतरती फळी. हिवाळा लागला की तिथं अशा वीस-बावीस टपऱ्या रांगेनं उभ्या राहतात. गडावरून उतरणारे भाविक थांबतात, सापुताऱ्याला निघालेले सुरती थांबतात, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या थांबतात. फळ सगळं वरच्या डोंगरातलं, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरचं. खोके मात्र महाबळेश्वरचे. पहिली रोपं तिकडून आली तेव्हा खोकेही तिकडचेच आले. रोपं इथं रुजली, वाढली, पण खोक्यावरचं नाव काही कुणी बदललं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, महाबळेश्वरची का? आम्ही म्हणायचो, मग काय.

मला त्यात वावगं वाटत नव्हतं. तुम्ही नाक मुरडाल तर मी आजही भांडेन. नाशिकची द्राक्षं म्हणून तुम्ही खाता ती निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतली. पैठणी विणतात येवल्यात. परराज्यात ज्याला नाशिकचा कांदा म्हणतात, तो कळवणच्या कुणा शेतकऱ्यानं पिकवलेला असतो. मोठ्या गावाचं नाव लागलं की माल पटकन उठतो, आणि ज्याच्या मातीत तो आला ते गाव कुणाला ठाऊक होत नाही. मोठं गाव काही कुणाचं नाव पुसायला येत नाही. ते काम आमच्यासारखेच करतात.

जावेचं माहेर त्याच डोंगरात. आमच्या टपरीवरचं निम्मं फळ तिच्या वडिलांच्या वावरातलं. ते पहाटेच्या थंडीत एकेक फळ देठासकट खुडायचे. बोटं फुटायची, रक्त यायचं, तरी पाट्या भरून सकाळच्या जीपनं खाली धाडायचे. जाऊ त्या पाट्यांतलं फळ काढून खोक्यांत रचायची. पाच हंगाम तिनं ते केलं. मधूनच म्हणायची, "बाई, बोटं माझ्या बाबांची फुटत्यात आन् नाव दुसऱ्याच गावाचं."

"नोट घेताना नाव वाचती का तू?" मी म्हणायचे.

ती मान खाली घालून खोके रचत राहायची. गप्प बसणाऱ्या माणसाची मला भयंकर चीड येते.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पोचले, तेव्हा टपरीवर पाटी टांगलेली होती. प्लायवूडचा तुकडा, त्यावर लाल रंगात तिच्या गावाचं नाव आणि खाली 'स्ट्रॉबेरी'. खोक्यांवरचे छापील कागद तिनं आदल्या दिवशीच ओल्या फडक्यानं खरवडून काढले होते. मला विचारलं नव्हतं. वडिलांना मात्र मुद्दाम बोलावलं होतं. त्यांना वाचता येत नाही, पण एसटीवरची पाटी बघून बघून आपल्या गावाचं नाव तेवढं ते ओळखतात. आपल्या फळावर आपलं गाव त्यांनी एकदा बघावं, एवढंच तिला हवं होतं.

"काढ ती," मी म्हणाले.

"बाबा येऊस्तवर तरी नाय काढणार."

मी चरफडत चहा आणायला गेले. तेवढ्यात एका गाडीतल्या लोकांनी शेजारच्या टपरीवर दोन खोके घेतले आणि निघता निघता त्यांची नजर आमच्या पाटीवर पडली. ही बाई इथली म्हणते, मग तुझीच महाबळेश्वरची कशी, असं म्हणत त्यांनी खोके शेजाऱ्याच्या अंगावर फेकले आणि पैसे परत घेतले. दुसऱ्या गाडीनंही तेच केलं. एकजण खरं बोलली की उरलेले सगळे आपोआप खोटे ठरतात, हे रांगेच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

सात-आठजण चालून आले. पहिली लाथ फळीवर बसली. खोके रस्त्यावर सांडले आणि येणाऱ्या गाड्यांची चाकं त्यांवरून गेली. शेजाऱ्यानं पाटी ओढली. जाऊ दोन्ही हातांनी पाटीला लोंबकळली, तेव्हा प्लायवूड मधोमध मोडलं. एकानं तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं मागे खेचलं. "सांग आता, कुठली हाय?"

चहा तिथंच टाकून मी धावले. वाटेत दगड उचलला. मला येताना बघून वेणी धरणारा हात सैल पडला, कारण माझा हात रांगेत सगळ्यांना माहीत होता. आता कुणाचं तरी डोकं फुटणार, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

जावेनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा यांना. ही कुठली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दगड खाली टाकला आणि तिच्या डाव्या कानशिलात मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मूठ वळून मारली. ती खाली बसली तरी मी थांबले नाही. लाथ घालणाऱ्यांपैकीच एकजण मध्ये पडला आणि म्हणाला, "बस झालं बाई, मरंल ती."

घरी मी सांगितलं, मी मारलं नसतं तर त्यांनी तिला जिवंत सोडलं नसतं. सगळ्यांना ते पटलं. दिरानंही मान डोलावली. ते खोटं होतं. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं आणि अख्ख्या रांगेसमोर ते द्यायची माझी छाती झाली नाही. त्याचा राग मी तिच्यावर काढला. मला त्याची लाज वाटते.

तिचे वडील आले तेव्हा रस्ता लाल झाला होता. डोक्यावरची फळांची पाटी त्यांनी खाली ठेवली. त्यांनी प्लायवूडचे दोन तुकडे उचलले, फळीवर एकमेकांना लावून ठेवले आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमचंच हाय हे." जाऊ त्यांच्या उजव्या हाताला बसली होती, कानातून रक्त येत होतं. तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी वाकून पुन्हा सांगितलं.

वणीच्या डॉक्टरनं डाव्या कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. नाशिकला दोनदा नेलं. तो कान गेला तो गेलाच.

पुढे काय झालं ते हसण्यासारखं आहे, पण मला हसू येत नाही. गिऱ्हाईकच बदललं. मोबाईलवर कुणी कुणी डोंगरातल्या फळाचे व्हिडिओ टाकले, आणि लोक इथली स्ट्रॉबेरी मागायला लागले. आता रांगेतल्या प्रत्येक टपरीवर जावेच्या गावाचं नाव आहे. ज्यांचं फळ भलत्याच पाड्यावरून येतं त्यांनीही तेच लावलंय. पाटी ओढणारा शेजारी सर्वांत मोठ्यानं तेच नाव ओरडतो.

आम्ही दोघी अजून एकाच टपरीवर असतो. तिचे वडील फळ पाठवतात, पण माझ्या हातात फळांची पाटी द्यायची नाही, असं जीपवाल्याला बजावून. मी माफी मागितलेली नाही. कशी मागतात, ते मला येत नाही.

गाड्या तिच्या डाव्या अंगाला, त्या गेलेल्या कानाच्या बाजूला थांबतात. काच खाली होते, कुणीतरी विचारतं, ताई, कुठली ही? ती खोके भरत राहते. ते पुन्हा विचारतात, वैतागतात, बहिरी आहे की काय म्हणतात. मग मी उठते, गाडीजवळ जाते आणि तिच्या गावाचं नाव सांगते. दिवसभर सांगत असते. तिला ते ऐकू येत नाही.