नळीमास्तरांचा कान

आधीच सांगतो, माझं तोंड वाईट आहे. डोकं तापलं की पुढचामागचा विचार न करता बोलून जातो, आणि मग आठवडाभर स्वतःवर चरफडत बसतो. पण हे आठवड्यात निभावलं नाही. चार महिने झाले, अजून छातीत ठसठसतंय.

आमच्या गॅरेजात नळीमास्तर होते. वडिलांच्या काळापासूनचे. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. जुन्या गाड्यांना जोडीनं दोन कार्बोरेटर असतात; पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं त्यांचं काम. दोघांनी अगदी सारखी हवा ओढली तर गाडी लोण्यासारखी चालते, नाहीतर लंगडते. बाकीचे लोक ती हवा मोजायला यंत्र लावतात. मास्तरांकडे हातभर रबरी नळी होती. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं उजव्या कानात, आणि डाव्या कानात बोट. डोळे मिटून ते नुसते ऐकायचे. हा सूं जाड, तो सूं बारीक. स्क्रू पाव फेरा इकडे, अर्धा पाव तिकडे. झालं की चालू इंजिनावर पाण्यानं भरलेला पेला ठेवायचे. पाणी हललं नाही तर तेच पाणी पिऊन टाकायचे आणि म्हणायचे, "न्या."

त्या वेळी कुणी खोकलं तरी खपायचं नाही. एकदा माझ्या वडिलांनाच त्यांनी "जरा बाहेर जाऊन शिंका" म्हणून हाकललं होतं. वडील गॅरेजचे मालक, तरी मुकाट्यानं गेले.

तर झालं असं. एक बाई आमच्याकडे गाडी आणायच्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. गाडी त्यांच्या वडिलांची, त्यांच्याच वयाची. दर शनिवारी त्या एकट्या गाडी चालवत आजारी बहिणीकडे जायच्या. इंजिनातून तेल गळायला लागलं म्हणून आम्ही ते उघडलं. कार्बोरेटर ज्या पाइपावर बसतात, त्या पाइपाचा इंजिनाशी जिथे सांधा असतो, तिथलं गॅस्केट, म्हणजे फटीतून हवा जाऊ नये म्हणून मधे बसवायची चकती, मी स्वतः बदललं. मास्तरांनी वर कार्बोरेटर चढवले, नळी लावली, पेला ठेवला. पाणी थरथरलं. मास्तर ते प्यायले नाहीत, त्यांनी मोरीत ओतलं.

"कुठूनतरी चोरून हवा खातेय," ते म्हणाले. "सांधा उघडून बघू या."

"सांधा मी बसवलाय," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतो, बघू या."

झालं, माझं टाळकं सटकलं. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, एक गॅस्केट बसवता येत नाही का मला? मी गाडी तशीच दिली. बाईंची गाडी सिग्नलवर दोनदा बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. गाडी परत आली. मास्तरांनी पुन्हा नळी लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाई तणतणतच आल्या. "नेमकं बिघडलंय काय हो?" त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघतो."

मला वाटलं, यांना कळतच नाहीये. म्हातारपण, दुसरं काय!

मी बाईंना टेबलाशी बसवलं आणि म्हणालो, "कार्बोरेटर काढून टाका. इंजेक्शन बसवू. सेन्सर हवा मोजतो, कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. थंडीत चोक ओढत बसायला नको, सिग्नलला बंद पडायला नको."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. एकटीनं लांब जाणाऱ्या बाईला इंजेक्शनच बरं. पण बाईंचा जीव त्या दोन पितळी तोंडांत अडकला होता. लहानपणी वडिलांसोबत त्या ती घासून लख्ख करायच्या. "कार्बोरेटरच ठेवले तर नाही का चालणार?" त्या म्हणाल्या.

इथे मी गप्प बसायचं, नाहीतर सांधा उघडायचा. मी काय केलं? मी मोठ्यानं म्हणालो, "ठेवले तर लावणार कोण? आमच्या मास्तरांना आता ऐकू येत नाही."

मास्तर तीन पावलांवर, बॉनेटखाली वाकलेले होते. त्यांचा हात थांबला. नंतर त्यांनी पाना पुसला, पेटीत ठेवला, नळीची गुंडाळी करून खिशात घातली. संध्याकाळी जाताना म्हणाले, "उद्यापासून येत नाही. कानच नाही म्हटल्यावर काय करू येऊन?" मी थांबवलं नाही. उलट हायसं वाटलं मला, काय सांगू!

गावात बातमी फिरायला वेळ लागतो का? वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे मास्तरांशी ओरडून बोलायला लागले.

बाई नाइलाजानं कबूल झाल्या आणि आम्ही इंजेक्शन बसवलं. खालचा पाइप हलवला नाही, फक्त वरचे कार्बोरेटर गेले. इंजिन चालू केलं, आणि ते हुबेहूब तसंच लंगडलं. लॅपटॉप घेऊन आलेला माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, "साहेब, कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. सांधा बघा."

सांधा मी एकट्यानं उघडला. गॅस्केट एका टोकाला चेपलेलं, दुसऱ्या टोकाला कोरं. नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्यांकडे, थोडे थोडे आवळत जायचे असतात. मास्तरांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट. मी घाईत एका टोकाकडून कचाकच आवळत सुटलो होतो. नवं गॅस्केट नीट बसवलं, आणि गाडी अशी चालली की पेल्यातलं पाणी हलेना. ते पाणी मला पिववेना.

बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे कार्बोरेटर चांगले होते. आणि ते गृहस्थही." गाडी त्यांनी नेली. काढलेले कार्बोरेटर शेजारच्या सीटवर जपून ठेवून नेले.

तिथून तडक मास्तरांच्या घरी गेलो. दारातूनच हाक मारली, "मास्तर!"

"ओरडतोस कशाला? ऐकू येतं मला."

लाजेनं मेल्यासारखं झालं. मीसुद्धा ओरडलो होतो. सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "एका टोकाकडून आवळलंस ना? पहिल्या दिवशीच आवाजावरून कळलं होतं."

"मग बाईंनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"गिऱ्हाइकासमोर तुझं नाव घेऊ?"

तेवढ्यात काकू आतून आल्या आणि मास्तरांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "चहा टाकू का?" मास्तर हळूच म्हणाले, "टाक."

"काकू, ओरडू नका," मी म्हणालो. "त्यांना चांगलं ऐकू येतं. चूक माझी होती, मी त्यांच्या कानावर ढकलली."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "महिनाभर घसा फोडतेय मी. सांगायचं नाही का हो?"

"सांगितलं असतं तर मग गाडी कुणी बिघडवली, ते विचारलं असतंस," मास्तर म्हणाले.

मी परत या म्हणून पाया पडलो. ते आले नाहीत. नळी मात्र मला दिली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी गावभर प्रत्येकाला सांगितलं की मास्तरांचा कान शाबूत आहे, चुकलो मी होतो. लोक "हो का? अरेरे!" म्हणतात.

परवा चौकात चहाच्या टपरीवर मास्तर दिसले. टपरीवाला त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "साखर कमी ना?" मी त्याला बाजूला घेऊन तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. "हो हो, कळलं की साहेब," तो म्हणाला. मग कप घेऊन मास्तरांकडे गेला आणि ओरडला, "गरम आहे, सांभाळून!"

मास्तरांनी मान हलवली आणि कप घेतला.