उसात वाट चुकलेले स्काऊटचे सर

आमच्या स्काऊटच्या सरांशी ओळख झाली आणि त्या ओळखीत एकदाही धक्का बसला नाही, असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मला तर पहिला धक्का त्यांचं तोंड दिसायच्या आधीच बसला. अंबडच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी फाटकातून आत शिरते तो समोरच्या कडुलिंबातून दोन पाय लोंबत होते. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे, आणि बाकीचा माणूस पानांत. मी किंचाळायच्या बेतात असताना वरून अगदी शांत आवाजात विनंती आली, की मॅडम, तेवढा दोर जरा ताणून धरा. मी धरला. एका हातात पर्स आणि डबा, दुसऱ्या हातात दोर, अशी नोकरीची सुरुवात झाली. मग पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ त्या दोरावरून माकडाच्या सफाईनं खाली आले, चड्डी झटकली आणि ओळख म्हणून डावा हात पुढं केला. डाव्या हातानं प्रसाद घेतला तर डोळे वटारणाऱ्या घरात मी वाढलेली. मी त्या हाताकडे पाहतच राहिले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "स्काऊट डावाच हात देतो मॅडम, काळजाच्या बाजूचा," एवढं सांगून ते पुन्हा झाडावर गेले.

हा डावा हात त्यांनी कुणालाच चुकवला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना दिला, दुकानदारांना दिला, आणि त्यांची स्वतःची मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही दिला. मुलाचे वडील म्हणजे कडक इस्त्रीतला माणूस. डावा हात पाहताच त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आपला असा अपमान करून राह्यलात का, म्हणून विचारलं. सरांनी काळजाचं स्पष्टीकरण सुरू केलं, ते चांगलंच लांबलं. घरातल्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या. आता ही सोयरीक मोडली असं सगळे धरून चालले असताना खुद्द नवरी मुलगी, जी अर्थातच गाईड होती, पुढं आली आणि तिनं सरळ नवऱ्या मुलापुढं डावा हात केला. मुलगा आधी वडिलांकडे बघत राहिला, मग लाजत लाजत त्यानंही डावा हात दिला. लग्न थाटात झालं. सर मुलीच्या लग्नात फेट्याखाली गळ्यात स्काऊटचा स्कार्फ बांधून वावरत होते, याचा मात्र तोवर कुणाला धक्का बसेनासा झाला होता.

स्काऊटनं रोज एक सत्कृत्य करावं असा नियम आहे. बाकीचे लोक तो नियम मुलांना पाठ करून देतात; सर तो पाळायचे. सत्कृत्य हाताशी नसलं की ते शोधायला निघायचे, आणि तिथं घोटाळे व्हायचे. एकदा वडीगोद्रीच्या बाजूला पथक घेऊन चालले असताना त्यांना एका डबक्यात चिखलात रुतलेली म्हैस दिसली. सरांनी शिट्टी फुंकली, दोर निघाले, गाठी पडल्या, मुलांनी जोर लावला, आणि बऱ्याच झटापटीनंतर ती म्हैस काठावर आली. तेवढ्यात मालक धावत आला. सर डावा हात पुढं करणार, तर तो म्हणाला, "ओ मास्तर, काय करून राह्यलाव? उन्हाची ती डुंबायला बसल्ती." सरांनी त्याची रीतसर माफी मागितली आणि तिला परत डबक्यात बसवायची तयारी दाखवली. म्हशीनं तेवढी वाट पाहिली नाही. सगळ्यांच्या अंगावर चिखल उडवत ती आपण होऊन आत गेली.

पुढं पथकात मुली वाढल्या, बाई हवी म्हणून मुख्याध्यापकांनी मला सरांबरोबर जायला सांगितलं. घरी मी दोन दिवस रडून घेतलं. मला कुकरच्या शिट्टीची सवय. सरांच्या शिबिरात भांडंच चालायचं नाही. वांगी निखाऱ्यात, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून जाळावर, आणि अंडं चक्क कांद्याच्या पोकळ केलेल्या सालीत. पहिल्या शिबिरात मी ते अंडं डोळे मिटून गिळलं आणि नंतर लाजत लाजत दुसरं मागितलं. तंबूत झोपायला शिकले, विंचू बघून जागेवर उभी राहायला शिकले, रांगेत सगळ्यात शेवटी चालत मुलांवर नजर ठेवायला शिकले. माझं मलाच आश्चर्य वाटायचं.

पण ज्या धक्क्यासाठी मी हे लिहायला बसले, तो तीर्थपुरीकडच्या शिबिरातला. त्या भागात कॅनॉलचं पाणी, त्यामुळे जिकडं बघावं तिकडं ऊस. ऊसतोडीचे दिवस होते. दुपारी सर पथकाला माग काढायचा खेळ खेळवायला घेऊन निघाले. मोबाइल त्यांनी नेहमीप्रमाणे तंबूतल्या पेटीत ठेवायला लावले होते, माझासुद्धा. आम्ही एका उभ्या उसात शिरलो. डोक्यावर हात उंच केला तरी शेंडा लागू नये असा तो ऊस, एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं निघायचं, एवढाच बेत. दुसरी बाजू काही येईना. पाचटानं हात ओरबाडले, मुलं तहानली. सरांनी खूण म्हणून एका मुलीची लाल रिबीन उसाला बांधली आणि दिशा बदलली. बराच वेळ चालल्यावर पुढं रांग थांबली. मी वाट काढत पुढं गेले. सर उभे होते, आणि त्यांच्यासमोर उसाला तीच लाल रिबीन होती.

ऊन उतरायला लागलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्या शिवारात बिबट्या दिसल्याचं लोक बोलत होते. तारे बघून दिशा सांगणारा, पावलांवरून जनावर ओळखणारा हा माणूस. सरांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, मी वाट चुकलो."

मी त्यांना घाईघाईनं बजावलं, की हे मुलांना कळता कामा नये, ती रडतील, सैरावैरा पळतील. हा खेळाचाच भाग आहे असं सांगा. मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज मी लपवलं, तर उद्या हे लेकरं कुठं चुकले तवा ते बी लपवतील. मंग त्यांना कोण शोधायचं?"

आणि त्यांनी मुलांना जवळ बसवून सरळ सांगून टाकलं, की मी चुकलोय, मला वाट सापडत न्हाई, आता आपण समदे मिळून शोधू. मी डोळे मिटून घेतले. शिक्षकाच्या तोंडून असलं वाक्य मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, मुलांनी तर नाहीच. कुणीतरी हुंदका दिला. मग मुलं आपसांत कुजबुजायला लागली, आणि पथकातल्या एका टोळीची नायिका असलेली आठवीतली एक मुलगी उभी राहिली. तिनं सगळ्यांना गप्प बसून कान द्यायला सांगितलं. आम्ही बसलो. वाऱ्यानं पाती सळसळत होती. आणि मग, फार लांबून, ढोल वाजल्यासारखा आवाज आला. ऊस वाहणारा ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी लावून रस्त्याला भरायला उभा असलेला.

सरांनी तिला फक्त एवढंच म्हटलं, "तू पुढं चल, मी तुझ्या मागं येतो." ती उसातल्या सरीला धरून आवाजाच्या दिशेनं निघाली, मध्येच थांबून ऐकायची, पुन्हा निघायची. दिवस मावळता मावळता आम्ही रस्त्यावर आलो. उसातून अचानक खाकी कपड्यातली लेकरं एकामागून एक बाहेर पडताना बघून त्या ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं आणि हात जोडले. सर रस्त्याच्या कडेला खाली बसले. मला ते कधी म्हातारे दिसले नव्हते, त्या संध्याकाळी दिसले.

परतल्यावर शाळेच्या दारात मुलांना न्यायला पालक उभे होते. कुणी काही विचारायच्या आत सरांनी स्वतःच सगळं सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं. पालक चिडले, मुख्याध्यापकांनी बाहेरची शिबिरं बंद केली. सर कुणाला उलट बोलले नाहीत. दर शनिवारी शाळेच्या मैदानात तंबू ठोकायचे आणि मुलांना भिंतीच्या आतल्या आत फिरवून आणायचे. ते बघवत नसे.

दुसऱ्या वर्षी मला ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं, की शिबिराला परवानगी आहे, प्रमुख तुम्ही. मी थक्क झाले. नाव कुणी सुचवलं, तर सरांनी. आपण मॅडमच्या हाताखाली येऊ, असंही सांगून आले होते. मी त्यांच्याशी भांडले. ते हसले नुसते. निघायच्या सकाळी पथक मैदानात उभं होतं, आणि माझ्याहून कितीतरी मोठ्या त्या माणसानं सगळ्या मुलांसमोर मला कडक सॅल्यूट ठोकला. मग चालत चालत ते रांगेच्या पार टोकाला, माझ्या जागेवर जाऊन उभे राहिले. दिवसभर मी वळून वळून बघत होते. थकलेल्या मुलाची पिशवी त्यांच्या खांद्यावर, आणि दमलेली एखादी मुलगी त्यांच्या बोटाला.

तसे दोन हिवाळे गेले. मग ते निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. शिबिर असलं की आदल्या दिवशी फोन येतो. हवापाण्याची चौकशी नाही, जेवणाची नाही. "शेवटून कोण चाललंय?" एवढंच विचारतात. मी कुणातरी नव्या शिक्षकाचं नाव सांगते. ते म्हणतात, "बराबर हाये."

सकाळी आम्ही निघतो. वळणावर मी थांबते आणि सगळी रांग माझ्या पुढून जाऊ देते. शेवटचं मूल गेलं, तो नवा शिक्षकही गेला, तरी मी थोडा वेळ तशीच, सर यायचे त्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत उभी राहते. मुलं पुढून हाका मारतात, मग मी चालू लागते.