इंदूचं ‘आनंदात गेलेलं’ वर्ष

इंदू गेल्याचं मला वर्गात कळलं. चौथीच्या मुलांना गुणाकार घालून दिला होता आणि मी खिडकीपाशी उभी होते. इंदूच्या घरच्या वाडीतला गडी धावत आला, शाळेच्या फाटकाशी थांबला आणि आत न येता तिथूनच म्हणाला, “बाई, इंदूवयनी गेली...” मुलं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी त्यांना “गणितं पुरी करा” म्हटलं आणि चपला न घालताच निघाले. वाटेत मला रडू आलं नाही. राग आला. त्याला आता बरेच आठवडे झाले, पण तो राग उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

भेटायला आलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता. “शेवटचं वर्ष कसं आनंदात गेलं हो तिचं! रोज दुपारी बाईंबरोबर खेळत बसायची.” हे ओटीवर बसून बोललं जायचं, माझ्याकडं कौतुकानं बघून, वर चहाचा घोट घेऊन. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी हा लेख लिहायला बसले. तिचं वर्ष कसं गेलं, ते मला माहीत आहे. आम्ही काय काय खेळलो आणि का खेळलो, तेही मलाच माहीत आहे.

माझं गाव वाईकडचं. नोकरीच्या निमित्तानं माहीमला आले... मुंबईतलं नव्हे, पालघरजवळचं, केळव्याला लागून असलेलं माहीम. मला खोली मिळाली ती इंदूच्या घरासमोर, आळीच्या पलीकडच्या बाजूला. तिच्या सासरची नारळी-पोफळीची वाडी, पानवेली, घरात राबता मोठा. सासू नव्हती. सासरे, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, घराचे आणि निम्म्या आळीचे कर्ते. नवरा मधुकर बोईसरला एका ठेकेदाराकडं कारकून. तिकडं तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम जोरात सुरू आहे, तेव्हा आठवडाभर तो तिथंच राहायचा आणि शनिवारी सायकलवरून घरी यायचा. मुलगी मंगल, सहा वर्षांची, माझ्याच शाळेत पहिलीत. आणि इंदू... केळव्याची लेक, तिशीही न गाठलेली, खळखळून हसणारी. सगळ्यांसारखीच तीही मला ‘बाई’ म्हणायची, पण तिच्या तोंडी तो शब्द मैत्रिणीला मारलेल्या हाकेसारखा यायचा.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी विहिरीवर पाणी ओढताना तिला चक्कर आली. दम तर आधीपासूनच लागायचा. पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, मी तिच्याबरोबर होते म्हणून हे छातीठोक सांगते. ते म्हणाले, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असेल, त्यानं हृदयाची झडप आखडली आहे. मुंबईला मोठ्या इस्पितळात याचं ऑपरेशन होतं, बायका बऱ्या होऊन घरी येतात, पण उशीर करू नका. तोवर विश्रांती. पाणी ओढायचं नाही, वाडीत राबायचं नाही.

यातला ‘विश्रांती’ एवढाच शब्द घरात पोचला. विहिरीवर बाई ठेवली, वाडीतलं काम थांबवलं, आणि सुनेला किती जपतात म्हणून दादांचं गावात नाव झालं. ऑपरेशनचं मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’. पैशाची अडचण नव्हती, हे मुद्दाम सांगते.

मग दुपारी शाळा सुटली की मी तिच्याकडं जायला लागले. पहिल्यांदा तिनं पट काढला. तिच्या आईनं शिवलेला, काळ्या कापडावर लाल-पिवळे तुकडे जोडून केलेला. सोंगट्या लाकडी, रंग उडालेल्या. कवड्या मुठीत घेऊन इंदू त्यांना दटावायची, “नीट पडा हां, बाई हसतील.” माझी सोंगटी घरात शिरायला एकच घर उरलेलं असताना तिनं ती नेमकी मारली की टाळ्या पिटायची, आणि मग छातीवर हात ठेवून दम खात बसायची. हसण्याचा दम आणि आजाराचा दम... लांबून बघणाऱ्याला तो सारखाच दिसायचा.

दिवाळीला मधुकरनं कॅरम आणला. महिनाभर आम्ही त्याच्यामागं वेड्या झालो होतो. इंदूचा नेम असा पक्का की राणी तिनं घेतली नाही असा डाव आठवत नाही. पण स्ट्रायकर मारून मारून तिचा हात भरून यायला लागला, पुढं वाकलं की श्वास अडायचा. मग कॅरम भिंतीला उभा राहिला आणि मी पालघरच्या बाजारातून सापशिडीचा कागद आणला. त्यात मंगलही बसायची. मोठ्या सापाच्या तोंडात सोंगटी गेली की इंदू पोरीला म्हणायची, “मी नाय उतरनार एवढं. मला परत चढवनार हाय का कोन?” पोरगी खिदळायची. मला हसणं जमायचं नाही.

तिचा सगळ्यांत आवडता खेळ वाघ-बकरी. कोळशानं ओटीवरच चौकट आखायची, सुपाऱ्या म्हणजे वाघ आणि चिंचोके म्हणजे बकऱ्या. ती नेहमी बकऱ्या घ्यायची आणि चिकाटीनं माझे वाघ कोंडून टाकायची. बुद्धिबळ मी तिला शिकवलं. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं तसं, एकेक मोहरा हातात देऊन. वजीर कसा चालतो ते सांगितलं तेव्हा तिनं तो उचलून निरखला आणि म्हणाली, “कुठंबी जातो? याला कोनाला विचारावं लागत नाय?”

लोक म्हणतात, तिला बसून खेळायला फार आवडायचं. ती बसायची, कारण आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा. उशांवर उशा रचून ती बसल्या बसल्या झोपायची. पायांवर सूज असायची, ती लुगड्याखाली झाकून घ्यायची. दारावरून जाणारा माणूस डोकावून म्हणायचा, “काय सूनबाय, डाव रंगला वाटतं!” आणि दादा आतून सांगायचे, “खेळते, हसते, जेवते. डाक्तर लोक उगाच भिववतात.”

महिने असेच गेले. आधी इंदूच्या नणंदेचं लग्न आलं, घरात मोठी सून हवी. मग पानं खुडायचा हंगाम आला, दादांना वाडी सोडून हलता येईना. मग दादांनी देवाला कौल लावला, आणि देवाचा कौलही त्यांच्याच बाजूनं पडला. मधुकरचं एकच पालुपद, रजा मिळत नाही.

एका शनिवारी अर्ध्या दिवसानं शाळा सुटली, आणि मी तशीच बोईसरला गेले. सगळीकडं धूळ, खडीचे ट्रक, कुठून कुठून आलेले मजूर. पत्र्याच्या कचेरीत टेबलाशी एक वयस्क मुकादम बसले होते. “किससे मिलना है, बहनजी?” मी मधुकरचं नाव सांगितलं, आणि राग आवरेना म्हणून विचारलं, त्याची बायको एवढी आजारी, तुम्ही रजा का देत नाही? मुकादम माझ्याकडं बघतच राहिले. “बीवी बीमार है? उसने तो कभी छुट्टी माँगी ही नहीं.”

मधुकर बाहेर आला. पांढरा सदरा, खिशाला पेन. मी विचारलं, “रजा मागितली नाहीत तुम्ही?”

तो चपलेनं खडी उकरत राहिला. “दादा म्हनतात, कापाकापी नको. मधेच काय झालं तर...”

“आणि काही केलं नाही तर काय होईल, ते विचारलंत त्यांना?”

“दादांना कसं विचारनार, बाई?”

मी तिथं, त्या मजुरांसमोर, त्याला जे बोलायचं ते बोलले. आवाज चढवून बोलले. मास्तरणीला शोभेल असं ते नव्हतं. पण त्याचा परिणाम झाला. त्यानं कबूल केलं, रजा घेतो, तुम्ही इस्पितळाचं बघा. माझा भाऊ मुंबईला असतो. त्यानं खेटे घालून खाट मिळवली, दिवस ठरला. मधुकर बोईसरहून सकाळीच पालघर स्टेशनवर येईल, मी इंदूला माहीमहून टांग्यानं आणीन, असं ठरलं.

त्या सकाळी इंदूनं लग्नातलं निळं लुगडं नेसलं होतं. टांग्यात तिचा चेहरा उजळलेला होता. मधेच म्हणाली, “बरी झाले की तुमच्या गावाला जाऊ, बाई. डोंगर बघायचा हाय मला जवळून.” मी म्हटलं, जाऊ.

स्टेशनवर मधुकर नव्हता. दादा उभे होते. मधुकरनंच त्यांना कळवलं असणार, आणि दुसरा टांगा करून ते आमच्या आधी पोचले होते. पांढरं धोतर, हातात काठी, दुसऱ्या हातात मंगलचा हात. पोरीला झोपेतून उठवून आणलेलं दिसत होतं, वेणीही घातलेली नव्हती. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी त्यांना पुरून उरले असते. ते हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, “जा तू, सूनबाय. मी अडवत नाय. फकत पोरीला काय सांगू, तेवढं सांगून जा.”

मंगल आईकडं बघत होती. तिला काही कळत नव्हतं. तिकिटाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, “तिला सांगा, आई बरी होऊन येणार आहे!” दादांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. “बाई, तुमी शिकलेल्या. तुमच्यामागं पोरंबाळं नाय. तुमाला हे नाय कळायचं.”

इंदू एवढंच म्हणाली, “बाई, पुढल्या महिन्यात जाऊ.” आणि जाऊन तिनं पोरीची वेणी घालायला घेतली. तिथंच, फलाटाच्या बाकावर बसून. गाडी आली आणि गेली. मी हातातली पिशवी जमिनीवर आपटली. तिच्यावरही माझा राग आहे, हे लपवत नाही. तिनं ओरडायला हवं होतं. त्या म्हाताऱ्याच्या काठीला बाजूला सारून डब्यात चढायला हवं होतं. आयुष्यभर तिनं सगळ्यांचं मन राखलं, आणि त्या दिवशीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला तोंडावर विचारलं. पट मांडलेला होता, पण कवड्या कोणी हातात घेतल्या नव्हत्या. ती म्हणाली, “मी तशीच गेले असते आनि वर काय झालं असतं, तर ते मंगलला जल्मभर सांगत बसले असते, तुझी आई तुला टाकून गेली. मला ते नको होतं.” मी म्हटलं, “आणि इथं राहून काही झालं तर?” ती पटावरच्या सोंगट्या गोळा करायला लागली. मग म्हणाली, “मग काय सांगतील ते बघायला मी नसनार... तुमी हाव ना.”

त्यानंतर ‘पुढला महिना’ आला नाही. ती जायच्या आदल्या दिवशी घरच्यांनी डॉक्टरांना बोलावलं, तेव्हा ते नाडी बघून नुसते उठले. फाटकाशी मला म्हणाले, “मी वर्षापूर्वी सांगितलं होतं ना, बाई?” त्यांनी सांगितलं होतं.

तेराव्याला गाव जेवलं. जेवणं झाल्यावर दादांनी मला ओटीवर बोलावलं, चारचौघांसमोर कॅरम पुढं केला. “घेऊन जा, बाई. तिची आठवन. तुमच्यामुळं तिचं शेवटचं वर्ष सुखात गेलं.” माणसं माना हलवत होती. तेव्हा मी बोलले. पालघरचे डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं, बोईसरला न मागितलेली रजा सांगितली, स्टेशनवर पोरीला कशासाठी आणलं होतं तेही सांगितलं. म्हटलं, “ती सुखात गेली नाही. ती गुदमरून गेली, आणि तुम्ही सगळे तिचा डाव बघत होतात.” एक बाई पुटपुटली, दुःखाच्या घरात असं बोलू नये. मला विचाराल तर, असं आधीच बोलायला हवं होतं आणि सगळ्यांनी बोलायला हवं होतं. त्या दिवसापासून आळीत माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मला चालतं.

मधुकरशी मी बोलत नव्हते. त्यानं बोईसरची खोली सोडली, आता रोज सायकलवरून जाऊन येऊन करतो. गेल्या आठवड्यात मंगल दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले, तर तो अंगणात सायकल काढत होता आणि पुढच्या दांड्यावर चादर घडी करून बांधत होता. पोरीला ताप होता, गुडघे दुखतात म्हणून रडत होती. दादा दारात उभे राहून म्हणाले, “लेप लावलाय, उतरेल. उन्हातून कुठं नेतो?” मधुकरनं वर पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचलून दांड्यावर बसवलं, तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि पालघरच्या रस्त्याला लागला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी माझ्या दारात उभी होते. आपणहून थांबला. म्हणाला, “सांध्यांचाच ताप हाय. सुई दिली. दर महिन्याला द्यावी लागंल म्हनतात, खंड पडता कामा नये. वेळेवर आनली, असं बोलले डॉक्टर.” पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. ताप उतरलेला दिसत होता.

मला बरं वाटायला हवं होतं. पोरीपुरतं वाटलंही. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, “उद्या शाळेत पाठवू नका” म्हटलं, आणि दार लावून घेतलं. मग पलीकडं उंबऱ्यात त्यानं सायकल टेकवल्याचा आवाज ऐकला, आणि माझा सगळा राग पहिल्या दिवसासारखा उसळून वर आला...

म्हणजे जमत होतं त्याला.