सुगियाने उघडलेलं डोकं

लोढाघाटावर न्हाव्यांच्या बारा पायऱ्या होत्या आणि बाराही पायऱ्यांवर कधी ना कधी रक्त सांडलेलं होतं. वस्तऱ्याने नव्हे, वस्तऱ्याला तसला बट्टा कुणी लावत नसे. लाठीने, लोट्याने, सहाणेच्या दगडाने, एकदा तर नावेच्या वल्ह्याने. काशीत मरायला आलेली माणसं गपगुमान मरून जात. मारामाऱ्या होत त्या पोट भरायला बसलेल्यांच्या.

सुगिया त्या घाटाची सून झाली त्याच आठवड्यात तिच्या सासऱ्याचं डोकं फुटलं. तिने त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते हळदीने भरलेल्या फडक्याखाली. हीच का सूनबाई, असं त्याने विचारलं आणि तिच्या नव्या लुगड्यावर उलटी केली. महिन्याभरात तो गेला आणि त्याची सातवी पायरी सुगियाच्या नवऱ्याकडे, भगेलूकडे आली. डोकं फोडलं होतं भगेलूच्या चुलत्याने, पलटूने. पलटूचा मुलगा बेचन लगतच्या खालच्या पायरीवर बसे. तरी दोन्ही घरं रोज सकाळी एकमेकांना राम राम घालूनच धोकटी उघडत. घाटावर राहायचं तर दुसरं काय करणार?

घाटाचा कायदा एकच होता. यात्रेकरूच्या कपाळापासून मागे ज्याच्या वस्तऱ्याने पहिली रेघ ओढली, ते डोकं त्याचं. याला 'डोकं उघडणं' म्हणत. दुसऱ्याने उघडलेल्या डोक्याला कुणी हात लावत नसे. म्हणून गर्दीच्या दिवसांत चलाख न्हावी एकेक पट्टा मारून पाच-सात डोकी उघडून ठेवी, बसा महाराज, आलोच, म्हणे आणि पुढचं गिऱ्हाईक धरी. अर्धवट भादरलेला माणूस जाणार कुठे? अट एवढीच, की सूर्य माथ्यावर यायच्या आत, पिंडाची वेळ टळायच्या आत, उघडलेली डोकी त्याने किंवा त्याच्या घरच्याने पुरी करायची. राहिली, तर जो ती पुरी करील त्याची ती पायरी.

सुगियाचं स्वतःचं काम बायकांचं. बाळंतिणीचं अंग चोळायचं, नवरीची नखं काढायची, पायांना अळता लावायचा, पोराचं जावळ उतरवायचं. आणि घाटामागच्या गल्ल्यांत विधवांची डोकी. कुठून कुठून आणून सोडलेल्या बायका. बंगालातल्या, मिथिलेतल्या, पार दख्खनेतल्या. म्हाताऱ्या बऱ्याचशा आपण होऊन मान पुढे करत. एखादी करत नसे.

तीन वर्षांपूर्वी एका मैथिल घरात कुसुमा नावाची पंधरा वर्षांची पोर होती. दोघा दिरांनी पाय धरले, सासूने तोंड दाबलं आणि सुगिया तिच्या दोन्ही दंडांवर गुडघे रोवून बसली. पोर घुसळत होती. सासूचा हात सरकला तसा पोरीने सुगियाच्या अंगठ्याखालचा लचका तोडला. सुगियाने डोकं पुरं केलं. एक ओरखडा उठू दिला नाही. मग ती घरी आली, चुलीतलं लाकूड ओढून बाहेर फेकलं आणि भगेलूला म्हणाली, त्या गल्लीत मी पुन्हा जाणार नाही, उपाशी मेले तरी. भगेलू म्हणाला, माझ्याकडे पायरी आहे तोवर तुला जायची गरज नाही.

तेव्हापासून सगळं त्या पायरीवर लटकलेलं होतं.

त्या वर्षी पितृपक्षात यात्रा लोटली होती. भगेलूने दिवस वर येईतो सात डोकी उघडली होती. सातवा गृहस्थ एक म्हातारा अहीर गवळी. त्याला उन्हात घेरी यायला लागली म्हणून तो एक पायरी खाली सावलीला सरकला, नेमका बेचनसमोर. आता सरकलेला माणूस बेचनने वर पाठवायचा. त्याने वाटीत पाणी घेतलं आणि म्हाताऱ्याचं डोकं पुरं करून टाकलं, गुळगुळीत, शेंडीही नीट बांधून.

भगेलूने पितळी लोटा उचलला आणि बेचनच्या कानशिलावर घातला. बेचन पडला, उठला, छत्रीवाल्या पंड्यांच्या खोपटातून लाठी ओढून घेऊन आला. पहिला वार भगेलूने चुकवला. दुसरा त्याने हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज पायऱ्यांवरच्या शेकडो लोकांत सुगियालाही ऐकू आला; ती वरच्या अंगाला एका नवरीच्या बोटांना अळता लावत होती. ती धावत उतरली तेव्हा भगेलूचा उजवा पंजा मनगटापासून भलत्याच दिशेला वळला होता आणि हाडाचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. तो किंचाळत नव्हता. दातांत धोतराचा सोगा धरून गुरगुरत होता. त्याच्याभोवती सहा माणसं एकेक पट्टा मारलेल्या डोक्यांनी गंगेकडे पाहत बसली होती.

घाटावरचा पुरोहित, घाटिया शिवमूरत पांडे छत्रीखालून उठून आला. घाटावरचा न्याय तोच करी. अहिराच्या डोक्यात बेचनची चूक, असं त्याने सांगून टाकलं. मनगटाचं काय ते तुम्ही घरात बघा. पण ही सहा डोकी पडली आहेत आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही. भगेलूच्या घरात पुरुष कोण आहे?

भगेलूला एक मुलगी होती, सात वर्षांची. आणि कुणी नव्हतं.

"मी करतो ना," बेचन म्हणाला. त्याच्या कानातून रक्त गळत होतं. "मी काय परका आहे? चुलतभाऊच की."

पायरी जात होती. सगळ्या घाटाच्या डोळ्यांदेखत, उन्हात, जात होती.

"मी करते," सुगिया म्हणाली.

न्हाव्यांच्या रांगेत हसू पसरलं. बेचन वहिनीला सगळ्यांत मोठ्याने हसला. "भौजी, नखं नाहीत ही. डोकी आहेत, पुरुषांची."

"पंडितजी, कायदा 'घरच्याने' म्हणतो ना? घरच्या पुरुषाने, असं म्हणतो का?"

पांड्याने मान खाजवली. सहांतला पहिला गृहस्थ रीवेकडचा ठाकूर होता, द्वारिका सिंह. बापाच्या अस्थी मडक्यात घेऊन आलेला. तो उभाच राहिला. "माझ्या बापाच्या नावाचं क्षौर बाईच्या हातून? उद्या गावात तोंड काय दाखवू?"

"तोंड तसंच राहील, ठाकूरसाहेब. डोक्याचं बोला."

"किती डोकी केलीस आजवर?"

"मोजली नाहीत. ती कुणीच मोजत नाही."

"कुणाची?"

"विधवांची," सुगिया म्हणाली. "मागच्या गल्लीतली घरंच्या घरं. पंडितजींच्या आत्याचं पण मीच करत होते. त्या वारल्या तोवर."

हसू विझलं. पांड्याने कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बस. कर."

तिने भगेलूच्या धोकटीतून वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवला, ठाकुराचं डोकं भिजवलं. ठाकूर दात आवळून म्हणाला, त्याला कापलं तर तो इथेच तिचे हात तोडील. तिने त्याला सैल बसायला सांगितलं.

"मी हलत नाही," तो म्हणाला.

"हललात तरी चालेल. मला सवय आहे."

ठाकुराचं डोकं तिने एवढ्या वेळात उतरवलं की शेजारचा न्हावी आपला वस्तरा हवेत धरून बघतच बसला. दुसरं झालं, तिसरं झालं. तिच्या मांडीवर केस साचत होते, पलीकडे भगेलूच्या तोंडात कुणीतरी अफूची गोळी कोंबत होतं. चौथं झालं. पाचव्याला बेचनच्या लक्षात आलं, की ही खरंच पुरी करणार.

त्याने लाठी घेतली नाही. लाठीने पुन्हा न्याय बसला असता. तो मागून आला, तिच्या अंबाड्यात बोटं रोवली आणि तिला पाठीवर ओढलं. पाचव्या माणसाच्या टाळूवर वस्तरा होता. तो तिने त्याच क्षणी उचलला. माणूस वाचला, पण तिचं डोकं पायरीच्या कडेवर आदळलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. बेचनने तिच्या बरगड्यांत लाथ घातली, मग दुसरी. "रांडांची डोकी करणारी," तो म्हणत होता, "घाटावर बसणार? तू? पायरीवर?" तिसऱ्या लाथेला त्याचा पाय ओल्या केसांवर पडला.

तो पडायचा अवकाश, सुगिया त्याच्यावर होती. डावा गुडघा एका दंडावर, उजवा दुसऱ्या. डावा अंगठा कानामागे, जिथे दाबलं की मान वळत नाही. बेचन घुसळला, थुंकला, त्याने पाय झाडले. तिच्या नाकातलं रक्त त्याच्या तोंडावर ठिबकत होतं. वस्तरा त्याच्या गळ्याजवळून वर गेला. तिने वस्तरा त्याच्या कपाळावर टेकवला आणि टाळूवरून पार मागेपर्यंत एक सरळ, रुंद, कोरडी रेघ ओढली.

बेचन ओरडायचा थांबला. त्याला कळलं.

त्याचा बाप जिवंत होता. बाप जिवंत असताना मुलाच्या डोक्याला वस्तरा लागणं म्हणजे बापाला तिरडीवर बांधणं. आणि ते डोकं आता सुगियाने उघडलेलं होतं. यात्रेकरूचं नव्हतं, म्हणून त्याला पिंडाच्या वेळेची अटही नव्हती. बारा पायऱ्यांवरचा एकही न्हावी त्याला हात लावणार नव्हता.

सुगिया उठली. पाचवं पुरं केलं, सहावं पुरं केलं. सूर्य माथ्यावर यायला अजून दोन बोटं होती. शेवटच्या माणसाची शेंडी बांधताना तिचा एक हात दुखऱ्या बरगड्यांवर होता, म्हणून तिने ती दातांनी ओढून बांधली.

बेचन तीन दिवस डोक्याला गमछा गुंडाळून घरात बसला. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने एका न्हाव्याला विचारलं. त्याने रेघ पाहिली आणि म्हणाला, ज्याने काढली त्याच्याकडे जा. गल्लीतली पोरं पलटूला दारात पाहून 'अजून गेला नाही वाटतं' म्हणू लागली. भगेलूचं मनगट वैद्याने बांबूच्या कामट्यांत बांधलं आणि स्पष्ट सांगितलं, की या हाताने घास उचलता आला तरी पुष्कळ.

चौथ्या दिवशी सकाळी पलटू मुलाला दंडाला धरून घेऊन आला. सत्तरीचा म्हातारा, कमरेत वाकलेला. पायऱ्या उतरताना तीनदा थांबला. सातव्या पायरीवर सुगिया बसली होती, बरगड्यांना फडकं आवळून. पलटूने मुलाला तिच्यापुढे बसवलं आणि गमछा ओढून काढला.

"कर पुरं," तो म्हणाला.

"काका, तुम्ही जिवंत आहात."

"माहीत आहे. मी मेलो असं समजून कर. माझ्या घावाने तुझा सासरा मेला, तेव्हा मी घाटावर गिऱ्हाइकं करत होतो." म्हातारा धापा टाकत होता. "मात्र एक ऐक. गळा त्याचा तिथेच आहे. तुला घ्यायचाच असेल तर मी मध्ये येणार नाही. मी नदीकडे बघतो."

आणि तो खरोखरच पाठ करून बसला.

सुगियाने बेचनचं डोकं भिजवलं. तो घामाने आधीच भिजला होता. तिने पहिल्यांदा कानामागचं काढलं, मग मानेवरचं. वस्तरा खाली आला तसा त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. घरात भगेलू डाव्या हाताने भात सांडत जेवत होता, लेक पुसत होती. सुगियाचा अंगठा पात्याच्या मुळाशी होता. थोडासा झोक पुरेसा होता, आणि तो झोक तिच्या मनगटात आला होता. तिला तो स्पष्ट कळत होता. बेचनने डोळे मिटले. त्याच्या धोतराखालून पायरीवर ओल पसरली. लघवीचा वास आला.

"मान खाली," ती म्हणाली.

त्याने घातली.

तिने डोकं पुरं केलं. शेंडी ठेवली, तेल चोपडलं, अंगठ्याने टाळू चाचपून पाहिली. ओरखडा नव्हता. मग तिने लोटाभर पाणी पायरीवर ओतलं, ओल धुऊन काढली, आणि वरच्या पायऱ्यांवर रांगेत उभ्या असलेल्या यात्रेकरूंकडे पाहून म्हणाली, "या महाराज. पायरी मोकळी आहे."

बेचन उठला तेव्हा पलटूला उठवायला त्याने हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो घेतला नाही; मुंडण झालेल्या मुलाला तो आता मेलेलाच होता. तो दगडाला धरून, एकेक पायरी चढत, एकटाच वर गेला.