मंगळवारचं उत्तर

आमच्या वाडीत सातवी शिकलेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे माझा तोरा मोठा होता. राजूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची पांढरीशुभ्र साडी आणि मनगटावरचं घड्याळ बघून मी घरी जाहीर केलं, मी नर्सचं ट्रेनिंग घेणार. भावकीत ओरड झाली. "शेतकऱ्याच्या पोरीनं लोकांची बाळातपनं करायची व्हय?" वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "दोन वर्सं दिली. पास झाली तर नोकरी. नापास झाली तर मुकाट बोहल्यावर."

नगरच्या हॉस्टेलात माझ्याबरोबरच्या बऱ्याच मुली ख्रिस्ती घरांतल्या होत्या. त्यांच्या आत्या-मावश्या आधीच नर्स, त्यामुळे त्यांना बेडपॅन उचलायची लाज नव्हती. मला आठ दिवस वाटली, मग कामाच्या रगाड्यात ती कुठे गेली ते कळलंही नाही. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर कडक. चादरीचा कोपरा वाकडा दिसला की सगळी खाट उसकटून पुन्हा घालायला लावायच्या. त्यांच्यापुढे गावठी शब्द चालत नसत. बाळामागून पडते तिला माझी आई वार म्हणायची; इथे प्लासेंटा म्हणायचं. माझ्या तोंडून त्याचं कितीतरी दिवस प्लास्टरच व्हायचं.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी दादांचं कार्ड आलं. सोमवारी न्यायला येतो, मंगळवारी पाहुणे तुला बघायला येत आहेत, पास झालीस तर त्यांना नको म्हणून कळवू. वाचून माझं टाळकंच सरकलं. म्हणजे माझ्या नापास होण्याची तजवीज यांनी आधीच करून ठेवली होती! रागाने मी जेवणार नव्हते, पण मैत्रिणीने ताट पुढे सरकवलं आणि मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्तच खाल्ली.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरगावच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझ्या आधीची मुलगी इंग्रजी शब्दांना अडखळून रडत बाहेर आली. बाईंना बहुतेक दया आली असावी, कारण मला त्यांनी मराठीतच विचारायला सुरुवात केली. मी केलेल्या बाळंतपणांची वही त्यांच्यापुढे उघडी होती.

"ही केस बघा. बाळ किती वाजता झालं?"

"सकाळी सहा चाळीसला."

"रडलं?"

"लगेच, बाई."

"आणि वार?"

"मंगळवार!"

कोपऱ्यात उभ्या असलेल्या सिस्टरांनी डोळेच मिटून घेतले. बाईंनी वहीत पाहिलं. "इथे तर रविवार लिहिलाय. पण ते असू द्या. मी विचारतेय ती वार. तुम्ही सांगताय तो वार."

दोन वर्षं घासूनपुसून शिकलेली माझी शुद्ध भाषा तिथेच संपली. "बाई, मंगळवारी मला बघाया पाव्हने येनार हायेत! नापास झाले तर लगीनच लावत्याल!"

बाई खदखदून हसल्या. "मग नापास होऊ नका. सांगा वार."

मी घडाघडा सांगितलं. ट्रेमध्ये पसरायची, दोन्ही बाजूंनी बघायची, कडा जुळतात का पाहायच्या. तुकडा कमी भरला तर तो आत राहिला समजायचं, मग रक्त थांबत नाही. अशा वेळी वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. प्लासेंटा हा शब्द मला एकदाही आठवला नाही.

संध्याकाळी सिस्टरांनी मला हाक मारली, "पास आहेस गं, मंगळवार!" मी आनंदाने त्यांना मिठीच मारली. त्यांच्या साडीची इस्त्री मोडली, तरी त्या रागावल्या नाहीत.

सोमवारी एस.टी.त मी दादांना हे सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गाय व्याली की वार पडंस्तवर आमी गोठ्यातनं हलत न्हाई," ते म्हणाले. "तुझी धाकली आत्या बाळातपनात गेली. रगत थांबलं न्हाई. तिची वार कुनी बघितलीच न्हवती."

मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

संगमनेरच्या स्टँडवर नेमका त्याच पाहुण्यांतला एक जण भेटला. "मंग, उद्या येतूच आमी," तो म्हणाला.

"उद्या नगं," दादा म्हणाले. "पोर पास झाली. नोकरीवर जानार हाय."

"मंग कंच्या वारी यावं?"

"तिलाच इचारा." दादांनी माझी ट्रंक खांद्यावर घेतली. "वार तिला कळती."

पाहुण्याला वाटलं, दादा बोलताना चुकले.