मळाला वाट

माझा साडू आणि मी वाद्यांच्या एकाच कारखान्यात. मी हिशेबाच्या टेबलावर, तो आतल्या खोलीत, पेडल स्टील गिटारच्या कामावर. हे वाद्य टेबलासारखं आडवं असतं. तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची आणि पायाने पेडल दाबून सूर चढवायचा. पेडल सोडलं की तार मूळ सुरावर यायला हवी. पण खुंटीवरचे तारेचे वेढे सरकतात आणि सूर बिघडतो. साडूने खुंट्याच काढून टाकल्या. प्रत्येक तारेला पोलादी आकडा, मागे सूर जुळवायला बारीक स्क्रू, वर-खाली चकचकीत झाकण. मालकांनी बजावलं होतं, "वादकांना पटलं नाही तर पुन्हा खुंट्या, आणि हा विषय कायमचा बंद."

कारखान्यात साडूला साबणराव म्हणतात. वाद्याला हात लावण्याआधी तो हात धुतो, पुसतो आणि पुसलेल्या फडक्याचाही वास घेतो.

पहिलं वाद्य एका नावाजलेल्या वादकाकडे गेलं आणि थोड्याच दिवसांत परत आलं. स्क्रू फिरेनात. साडूने झाकण उघडलं. मी नुकताच जेवून आलो होतो, नसतो आलो तर बरं झालं असतं. आत डोक्याचं तेल, मेलेली कातडी, बिस्किटांचा चुरा आणि केस यांचा काळा लगदा आट्यांत घट्ट बसला होता. त्याला आंबूस वास होता.

"हा माणूस वाजवतो की कालवतो?" साडू माझ्याकडे बघत म्हणाला.

वाद्य घेऊन आलेले वादक समोरच दात कोरत बसले होते. काडी विजारीला पुसून म्हणाले, "कलावंताचा हात आहे, साहेब. दवाखान्यातला नाही."

"सगळे असेच वाजवतात, साबणराव," मालक म्हणाले. "धुतलेल्या हातांनी वाजवणारे जगात तुम्ही एकटेच."

साडूने आपल्या हातांकडे पाहिलं. वर्षभर त्याने प्रत्येक चाचणी स्वतःच्याच स्वच्छ हातांनी घेतली होती.

त्या आठवड्यात मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, हे ताटाकडे बघतसुद्धा नाहीत. तुम्ही तरी समजवा."

मी त्याला सुचवलं, "वाद्यावर पाटी लाव, हात धुवा म्हणून."

"पाटी वाचणारे असते तर धुतले नसते का?"

शेवटी त्याने तो लगदा एका बाटलीत भरून ठेवला आणि चाचणी म्हणून तो रोज नाक वळवून, बोटाने, नव्या स्क्रूंना चोपडू लागला. मला ते बघवेना. खालचं झाकण त्याने काढलंच, आणि प्रत्येक स्क्रूखाली उतरती खाच कापली. त्या खाचेला तो मोरी म्हणायचा.

वादक पुन्हा आले. तेलकट बोटांनी त्यांनी बराच वेळ वाजवलं, पेडल दाबलं, सोडलं. तार दर वेळी जागेवर आली. स्क्रूही सहज फिरला. मालकांनी मान डोलावली.

"मानलं तुम्हाला," वादकांनी हात पुढे केला. साडूने क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि आपला दिला.

तेवढ्यात वाद्याखालून एक काळी गोळी साडूच्या बुटावर पडली.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"चालतंय," साडू म्हणाला, आणि बेसिनकडे गेला.